कोरड्या बोअरची सोय

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात सांडपाण्याचा प्रश्न कायमचा मिटवणारा पहिला माणूस मी.

अंगणात मारलेली बोअर कोरडी निघाली होती. (पाण्याऐवजी नुसता धुरळा! अजून आठवलं की डोकं फिरतं.) तिच्यात मी सरळ मोरीचा पाइप सोडला. शोषखड्डा खणा, त्यात दगड भरा, सांगितलंय कोणी?

"अहो, पण ते पाणी जाणार कुठं?" बायकोने विचारलं.

"पाताळात! तुला काय करायचंय?" मी खेकसलो.

महिनाभर बोअर तुंबली नाही. मी मिशीला पीळ देत गावभर सांगत फिरलो.

मग आईला जुलाब लागले. चार दिवसांत म्हातारी खाटेला खिळली, सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी बघा." पाणी शेजारच्या नानांच्या बोअरचं. अख्खी गल्ली तेच पिते. हंड्यात पाहिलं तर वर साबणाचा फेस! माझं टाळकंच सटकलं. तडक नानांच्या दारात गेलो आणि गल्ली गोळा केली.

"नाना, बाहेर या! माझी आई मरायला टेकलीय! काय कालवलंत पाण्यात?"

"मी काय कालवसू? मी बी हाईच पानी पेस ना! मनं बी पोट बिघडेल शे!"

"मग ज्यानं कोणी हे केलंय, त्याला इथंच हे पाणी पाजा! सगळ्यांसमोर!"

"पाजा!" गल्ली ओरडली. (मला भलताच चेव चढला.)

नानांनी मोटार चालू केली, काचेचा ग्लास भरला आणि उन्हात धरला. पाणी फिकट निळं! नानांनी ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे माझ्या सदऱ्याकडे. गल्लीत पांढरेशुभ्र कपडे घालणारा मी एकटा, आणि नीळ कमी पडली की घर डोक्यावर घेणाराही मीच. सकाळीच बायकोने निळीची बादली मोरीत ओतली होती.

"सुरेश," नाना हळूच म्हणाले, "तुनी मोरीनं पानी कोठे जास रे?"

"पाताळात." मी पुटपुटलो.

"मंग मनी बोअर काय आभायमा शे?"

ग्लास माझ्या नाकासमोर आला. इतक्यात भिंत धरत धरत आई आमच्या दारात आली.

"ओ नाना, त्याले पाजू नका! तो बी आडा पडना तर मन्हाकडे कोन दखी?"

पाइप मी त्याच दिवशी उपटला. मुकाट्याने शोषखड्डा खणला, तोही नानांनी दाखवलेल्या जागी, बोअरपासून लांब. नानांची बोअर अजून बंद आहे. गल्लीचं पिण्याचं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून मीच आणतो आणि हंडे घरोघरी पोचवतो, सगळ्यांच्या शिव्या खात.

आई आता ठणठणीत आहे. रोज पहिल्या हंड्यातला ग्लास भरते, उन्हात धरून निरखते आणि माझ्यापुढे करते.

"पहिले तू पी."