राजदूत काकांची बाग

मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काकांबद्दल मी लिहावं की नाही, हेही मला नीट कळत नाही; चुकलं तर माफ करा.

डोणगावात त्यांना सगळे 'राजदूत' म्हणायचे, अर्थात थट्टेनं. शेजारच्या देशानं आपल्या संत्र्याला दिलेली आयातशुल्काची सवलत काढून घेतली, भाव पडले आणि लोकांनी बागा तोडून सोयाबीन पेरलं. काका मात्र ती सवलत परत मिळवायला दिल्लीच्या खेपा घालू लागले. "दोन सरकारांच्या भांडणात तुमचं काय काम?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "भांडण त्यायचं, पन झाडं तं माही हायेत ना बे!"

माझे वडील त्यांच्या बागेत तोडणीला जायचे. मला इंग्रजी येतं म्हणून काकांनी निवेदन लिहायला बोलावलं. मी लिहिलेलं मराठीत सांगू लागलो. 'नम्र विनंती' ऐकताच त्यांनी हात वर केला.

"विनंती काऊन? आपून काही उसनं मांगून नाही राह्यलो. मागणी लिही."

"काका, साहेबांना राग येईल," मी चाचरत म्हणालो.

"येऊ दे. राग आला म्हंजे वाचलं त्यायनं."

पुढे त्या देशाच्या वकिलातीतले दोन अधिकारी खरोखरच बाग पाहायला आले. सवलतीची शिफारस त्यांच्याच हाती होती. आमच्याकडे बागेतून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. काकांनी त्यांच्या गाडीत कॅरेटभर संत्री ठेवली. "आम्हाला भेटवस्तू घेता येत नाही," म्हणत अधिकाऱ्यांनी कॅरेट खाली उतरवलं. सोबत आलेले आपल्या सरकारचे साहेब काकांना डोळ्यांनी दटावत होते. काकांनी कॅरेट परत गाडीत ठेवलं.

"टॅक्स लावा त्याच्यावर, पन रिकामे जाऊ नका. हे माह्या बापाची रीत हाये. तुमच्या सरकारले नाही मोडता येनार."

मी ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एक अधिकारी हसला. त्यानं एक संत्रं सोलून तिथंच उभ्यानं खाल्लं, गोड आहे म्हणाला. बाकीचं कॅरेट उतरवूनच गाडी गेली.

"मंग हेच दिल्लीत सांगजा!" काका मागून ओरडले.

सवलत काही आली नाही, निवेदनाचं उत्तरही नाही. काकांची मुलं बाग तोडायचं म्हणत. काका दाद देत नसत.

परवा माझी परीक्षा संपली आणि वडिलांचा फोन आला. काका गेले होते, तेरवीही झाली होती. पेपर बुडू नयेत म्हणून मला कळवलं नव्हतं. वडिलांनी सांगितलं, तेरवीनंतर मुलांनी लाकूडतोडे आणले, तेव्हा एरवी चारचौघांत न बोलणाऱ्या काकू बागेच्या वाटेवर येऊन उभ्या राहिल्या.

"तिकून 'नाही' तरी म्हनलं काय कोनी? आंधी जवाब येऊ द्या. तवरिक एकाही झाडाले हात लावाचा नाही."

माणसं कुऱ्हाडी घेऊन परत गेली. बाग उभी आहे, असं वडील दोनदा म्हणाले.