बॉनेटखालची खोटी नळी

गाडीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा छोटा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी जवळा बाजार गावाच्या अलीकडे होते. गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलची, दोघांनी वापरून माझ्याकडे आलेली. अशा गाडीला वहीत एक पान द्यावंच लागतं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. लेकरांची वजनं, भेटींचे वार, आहाराचा साठा, सगळं माझ्या वहीत असतं. त्याच वहीत मागच्या पानावर लिहिलं: दिवा लागला, गाडी चालते, उभी असताना थरथरते.

मला धास्ती होती ती गाडीपेक्षा दुपारची. वसमतच्या घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. गाडी होती म्हणून मी गावांना भेटी देऊन दुपारी एक वाजता घरी येऊ शकत होते, त्यांना जेवायला वाढून पुन्हा निघत होते. बसनं फिरले असते तर संध्याकाळ झाली असती. डोंगरकडा गावी राहणारी माझी बहीण वर्षभर म्हणत होती, ‘दादांना इकडं आणून सोड, तुझ्यानं होत न्हाई.’ मी तिला म्हणायचे, गाडी आहे ना. आणि दादांना त्यांचं घर सोडायचं नव्हतं.

दादा एसटीत ड्रायव्हर होते. माझ्या शेजारी बसले तरी उजवा पाय ब्रेक दाबत असायचा. दिवा दाखवला तर हसले. ‘प्याट्रोलची गाडी म्हंजे खेळणं हाय माय. आमच्या बसला दिवा कुठं व्हता? कानानंच कळायचं.’

मेकॅनिक आमच्याच रस्त्यावरचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी स्कॅनर लावला. ‘बाई, इंजिन हवा जास्त खाऊन राहिलं. कुठून तरी चोरून हवा घुसून राहिली.’ एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, स्कॅनरवरून दिवा घालवून दिला. दोन दिवसांनी दिवा परत. मग एक सेन्सर बदलला. तीन दिवसांनी परत. मी वही पुढं केली. पेट्रोल कुठं भरलं, किती किलोमीटर झाले, ऊन की ढग, गाडीत माणसं किती, सगळं लिहिलेलं.

त्यांनी पान वरून खाली बघितलं. ‘एवढं लिहून राहिल्या तर गाडी तुमीच दुरुस्त करा ना बाई. मी वही लिहितो.’

मग बॉनेटखाली वाकले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘ही बघा, बारीक नळी ढिली हाय. इथून हवा घुसते.’ नळी दाबून बसवली. दिवा गेला. मी पानावर रेघ मारली.

चौथ्या दिवशी हट्टा गावाच्या रस्त्यावर दिवा पुन्हा लागला. मेकॅनिकनं बघितलं, तीच नळी, पुन्हा ढिली. ‘उंदीर हाय तुमच्या इथं. ओढून राहिला.’

मी डांबरगोळ्या आणल्या, फडक्यात बांधून बॉनेटखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुडी ओट्यावर नीट ठेवलेली. मला वाटलं, भांडेवालीनं काढली असेल. असंच महिनाभर चाललं. मग एका रविवारी पान शांतपणे वाचायला बसले तेव्हा एक गोष्ट दिसली जी आधीच दिसायला हवी होती. मध्ये आठ दिवस दिवा लागलाच नव्हता. त्या आठ दिवसांत गाडी रोज चालली होती, त्याच रस्त्यांनी. फरक एकच. त्या आठवड्यात दादा माझ्या बहिणीकडे लग्नाला गेले होते.

हे वाचूनही मला उंदीरच वाटत राहिला. मनात म्हटलं, दादा पोळीचा तुकडा अंगणात टाकतात, त्यावर उंदीर येत असेल.

सोमवारी उजाडायच्या आत उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. कोंबडा आरवून गेला होता. थोड्या वेळानं दादा बाहेर आले. अंघोळ केलेली, केस विंचरलेले, खांद्यावर स्वच्छ फडकं. खिळ्यावरची किल्ली त्यांच्या हातात होती. आतला खटका ओढून बॉनेट उघडलं, काठी लावली. तेल बघायची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवली, उजेडाकडे धरून बघितली. हात इतके सराईत होते की मला क्षणभर बरंच वाटलं. मग त्यांनी ती बारीक नळी ओढून काढली, तोंड खाली करून धरली आणि कान देऊन ऐकत थांबले. थोड्या वेळानं पुन्हा लावली. अर्धीच.

मी बाहेर गेले. ‘दादा, काय करून राहिले?’

‘टाकीची हवा सोडली. पाणी साचतं तिच्यात, मग ब्रेक लागत न्हाई.’ माझ्याकडे न बघता त्यांनी फडकं घडी केलं. ‘आज हवा आवाज करून न्हाई राहिली. डेपोत सांगावं लागंल.’

बसच्या ब्रेकसाठी हवेची टाकी असते. तिच्यात पाणी साचतं, आणि गाडी काढण्याआधी ते सोडून द्यावं लागतं. लहानपणी हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही चुकलं नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.

‘दादा, ही आपली गाडी आहे. बस नाही.’

‘व्हय,’ ते म्हणाले. मग फाटकाकडे बघून, ‘कंडक्टर काहून आला न्हाई अजून? परभणीचा टाइम झाला.’

मी त्यांना हाताला धरून आत आणलं, चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर ते नेहमीसारखे म्हणाले, ‘माय, आज कोणत्या गावाला?’ मी सांगितलं. ‘नीट जा,’ म्हणाले. त्या दिवशी कळलं की माझ्याकडे सगळ्या गोष्टींच्या याद्या होत्या. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, चहा दोनदा मागितला, ओळखीच्या गल्लीत वाट विचारली, हे मात्र मी कुठंच लिहिलं नव्हतं. वय झालं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

मेकॅनिकला खरं सांगितलं. ते पान्हा पुसत उभे राहिले. ‘बॉनेटला कुलूप करून देऊ का?’

‘नको,’ मी म्हटलं. सकाळी उठून बॉनेट उघडलं नाही तर दादांना दिवसभर करायला काय होतं?

मग त्यांनी खरी नळी क्लिप लावून घट्ट केली आणि खालून फिरवून दिसेनाशी केली. तिच्या जागी दुसऱ्या गाडीच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा एका बंद खुंटीला अडकवला. ओढला की निघणारा, लावला की बसणारा, कशालाच न जोडलेला.

‘मामूसाठी खोटी नळी,’ ते म्हणाले; दादांना ते मामूच म्हणायचे. ‘आता किती बी हवा सोडू द्या.’

दिवा त्यानंतर लागला नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून दादांच्या आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे थांबणार नाही, सावकाश वाढत जाईल एवढंच म्हणाले. बहीण मुक्कामाला येऊन गेली. दादा तिलाही सकाळी बॉनेटखाली काय काय बघायचं ते समजावून सांगायचे. रोज निघण्याआधी मी खोटी नळी बघायचे. खाली पडलेली असली की बरं वाटायचं. म्हणजे दादा उठले, अंघोळ केली, ड्युटी केली. वहीत तेवढी एक खूण करायची.

दिवाळीनंतर खुणा विरळ झाल्या. मग एका आठवड्यात एकही नाही. नळी जागेवर, तिच्यावर बारीक धूळ.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी निघाले तर दादा गाडीत बसलेले. माझ्या शेजारच्या सीटवर नाही, मागं. गुडघ्यांवर पिशवी, अंग चोरून, खिडकीकडे.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘ही गाडी हट्ट्याला थांबती का?’

आयुष्यभर त्यांनी मला माय म्हटलं होतं.

‘थांबते,’ मी म्हटलं. ‘बसा.’

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागतात, तो पिवळाही. इंजिन सुरू झालं आणि तो विझला. त्या दिवशीच्या यादीत हट्टा नव्हतं. तरी मी गाडी तिकडे घेतली. आरशात बघत होते; त्यांचा उजवा पाय हलत नव्हता. ज्या गावात त्यांचा जन्म झाला त्याच्या फाट्यावर, जिथं पूर्वी ते ड्युटीवरून उतरून घरी चालत जायचे, तिथं मी गाडी उभी केली आणि मागचं दार उघडलं.

‘हट्टा आलं.’

त्यांनी बाहेर बघितलं. रस्ता, झाडं, पाटी, सगळं बघितलं. मग पिशवी छातीशी धरली.

‘न्हाई बाई,’ ते म्हणाले, ‘आमचं हट्टा अजून लांब हाय. तुमी जाऊ द्या पुढं.’

मी दार लावलं आणि गाडी पुढं घेतली.