जाऊबाईंच्या साडीत केलेलं लोणी

माझ्या थोरल्या जाऊबाई मार्गशीर्षात वारल्या आणि त्याच आठवड्यात म्हशीनं मला बादलीसकट आडवं केलं. दूध काढायचं काम कायम त्यांचं. आमच्या पारनेरच्या बाजूला म्हशीला एका हाताची सवय लागली की ती दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नाही. त्यावर घरोघरी एकच इलाज करतात. ज्या बाईचा हात असायचा तिची साडी नेसून बसायचं, न धुतलेली. वासावर म्हैस फसते. पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण आवाजावर ती फसत नाही.

मी म्हटलं, काय बाई खुळेपणा! पण म्हैस आटायला लागली तेव्हा गुपचूप ट्रंकेतून त्यांची रोजच्या वापरातली हिरवी साडी काढली. शेण, धूर, लसूण आणि त्या लावायच्या त्या खोबरेल तेलाचा वास. म्हशीनं मान वळवून मला पदरापासून पायापर्यंत हुंगलं आणि धारा सुरू झाल्या. दूध मिळालं म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसती भीती वाटली.

मग रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ ती साडी नेसायची, धार काढायची, सोडून पडवीतल्या खुंटीला टांगायची. हळूहळू एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. त्या साडीत असले की मी पदर डाव्या कमरेला खोचते. मी उजवीकडे खोचणारी बाई. उठताना गुडघ्यावर हात टेकून हुं करते, तेही त्यांचंच. एकदा मोठे भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे मालक, अचानक गोठ्यात आले, मला पाठमोरं बघितलं आणि दारातच थिजले. तेव्हापासून धारेच्या वेळी ते गोठ्याकडे फिरकत नाहीत. आमचं कुत्रं एरवी माझ्या पायात पायात करतं, पण साडीत मी दिसले की लांब बसून नुसतं शेपूट हलवतं. ते तसं फक्त जाऊबाईंपुढे करायचं.

फाल्गुनात जाऊबाईंच्या भावाचा कोपरगावहून फोन आला. "ताई, आई तुमच्याकडं यायचं म्हणती. ऐकतच न्हाई."

त्या माउलीला लेक गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. जाऊबाई गेल्या तेव्हा त्या स्वतः काळजाच्या दुखण्यानं दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसायचा नाही. आधी घरी येऊ दे, मग सांगू, असं करता करता राहिलं ते राहिलंच. लेक फोन का करत नाही म्हणून विचारायला लागल्या तेव्हा भावानं ठोकून दिलं, की तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायला बंदी आहे.

"आन् तिच्या हातचं लसणीचं लोणी खायचं म्हणती," तो म्हणाला. "ताई, तेवढं करा. ती करून ठेवून नगरला घसा दाखवायला गेली, असं सांगू. आईला काही झालं तर मी काय करू?" आणि चाळीशीचा तो माणूस फोनवर हमसून रडायला लागला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जाऊबाईंचं हे लोणी आमच्या भावकीत नावाजलेलं. पाहुणा आला की चहाच्या आधी बाजरीच्या चानक्या, म्हणजे तळहाताएवढ्या भाकऱ्या, तव्यावरून उतरवायच्या आणि गरम असतानाच वर हे लोणी ठेवायचं. मी कधी केलं नव्हतं. कशाला करू? त्यांनी करू तर दिलं पाहिजे! चुलीपाशी दुसऱ्या बाईची सावली पडलेली त्यांना खपायची नाही. पण येता-जाता मी सगळं बघून ठेवलेलं. लसणाच्या पाकळ्या सालीसकट निखाऱ्यावर काळ्या होईपर्यंत भाजायच्या, साल काढून हिरव्या मिरचीबरोबर दगडी खलात ठेचायच्या. कोथिंबिरीची पानं नाही, काड्या. चिमूटभर भाजलेल्या कारळ्यांची पूड. आणि मीठ.

पाहुणे दुपारी येणार होते. त्या सकाळी म्हशीनं उशीर केला आणि धार झाल्यावर साडी बदलायची सोडून मी तशीच ताक करायला बसले. मिक्सर आहे की घरात, पण त्या रवीनंच घुसळायच्या, म्हणून मीही रवीच घेतली. लोणी येईना म्हणजे येईना. दोरी ओढून ओढून खांदे भरून आले. गार पाणी घातलं, तरी तेच. शेवटी वैतागून मनातल्या मनात म्हटलं, अहो जाऊबाई, तुमच्या आईसाठी चाललंय हे, आता तरी अडून बसू नका! आणि रवी एकदम जड झाली. ताकाचा आवाजच बदलला. वाकून बघते तर वर पांढरं लोणी तरंगत होतं. गार पाण्यानं आलं असेल. मी स्वतःला तेच सांगितलं.

लोणी धुतलं, सगळं घालून मळलं, गुळगुळीत गोळा केला. भाऊजींना चाखायला दिला. त्यांनी बोट चाटलं आणि तडक बाहेर निघून गेले. म्हटलं, जमलं बाई.

तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. वेळेच्या कितीतरी आधी! मी पदराला हात पुसत दारात आले आणि तेव्हा ध्यानात आलं की अंगावर ती साडी आहे. आत पळायला वेळच नव्हता. भाऊ आईला धरून पायरी चढवत होता. मावशींच्या, म्हणजे जाऊबाईंच्या आईच्या, एका डोळ्याची नजर गेलेली आणि दुसऱ्यात नुसत्या सावल्या. त्या पायरीवर थांबल्या. मान वर करून हवा हुंगली. हुबेहूब म्हशीसारखी.

"आलीस व्हय गं?" त्या म्हणाल्या आणि माझा हात धरला.

भावाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. तो मान हलवून मला खुणावत होता, हो म्हणा, हो म्हणा. मी काय म्हणणार? घशाचं ऑपरेशन झालेली बाई मी. आणि त्या साडीत मला तशीही बोलायची सवय राहिली नव्हती. मावशींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठ्यानं मनगट चाचपलं, बोटं चाचपली, बराच वेळ. मग म्हणाल्या, "वाळलीस लई. चल, लोणी आण."

मी चानक्या टाकल्या. त्या मांडीला मांडी लावून माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्याशी, म्हणजे त्यांच्याशी, बोलायला लागल्या. लहानपणी गोदावरीच्या काठी कशी हरवली होतीस, चप्पल कशी वाहून गेली, मार खाताना हसत कशी होतीस. मी मान हलवत राहिले. एवढ्या लख्ख उन्हात, माणसांनी भरलेल्या घरात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. मेलेल्या बाईच्या जागी बसून मी तिच्या आईला घास देत होते, आणि खरं सांगते, मध्येच क्षणभर मला ती चप्पल वाहून जाताना दिसली.

त्यांनी लोण्याच्या गोळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग चानकी तोंडात घातली आणि सावकाश चावली.

"तिथं थंडी वाजती का गं?" त्यांनी विचारलं.

फाल्गुनातलं ऊन बाहेर रणरणत होतं. मला वाटलं, म्हातारीला महिना कळत नसेल. मी नाही म्हणून मान हलवली.

"कुणी संगतीला हाय ना?"

मी हो म्हणून हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भाऊजी उठून गोठ्याकडे गेले.

निघायच्या वेळी भाऊ गाडी वळवायला गेला, कांद्याची गोणी ठेवायला भाऊजीही त्याच्याबरोबर गेले. घरात आम्ही दोघीच. उरलेल्या लोण्याचं भांडं मावशींनी चाचपडत पुढ्यात ओढलं आणि गोळ्याच्या मधोमध बोट रुतवून खड्डा केला.

"मीठ दे."

मी दिलं. त्यांनी ते खड्ड्यात टाकलं.

"मीठ मळायचं नसतं, बाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "वर खड्डा करायचा, त्यात ठेवायचं. माझ्या आईनं मला शिकवलं, मी तिला. ती कवाच मळणार न्हाई."

जाऊबाई मीठ घालताना नेहमी पाठमोऱ्या असायच्या, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

"भिऊ नको. दारात हात धरला तवाच कळलं, हा माझ्या पोरीचा हात न्हाई. आन् त्याच्या आधीबी कळलं हुतं. आवाज गेला म्हणून काय झालं? माझ्या पोरीनं फोन लावून मला नुसता श्वास ऐकवला असता." त्यांनी माझ्या पदराचं टोक हातात घेतलं. "म्हशीसाठी नेसतीस ना? वासावर म्हैस फसती गं. मी काय म्हैस हाय?"

"मावशी..." मी म्हटलं. त्या साडीत माझ्या तोंडातून निघालेला तो पहिला शब्द. मग दोघी एकमेकींना धरून रडलो.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाला सांगू नको हां, मला कळलंय म्हणून. लई जपतोय मला. बहीण गेली तवापासून नीट रडलाबी न्हाई, माझ्यामुळं. त्याला वाटू दे, आईला कळलं न्हाई."

"साडी न्यायची का?" मी विचारलं. "तुमचीच आहे. धुतलेली नाही."

त्यांनी पदर नाकाला लावला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत लावूनच ठेवला. मग माझ्या हातात परत दिला.

"नको. म्हैस आटंल." उंबऱ्यापाशी वळून म्हणाल्या, "तिला तरी कळू दिऊ नको."

भावानं त्यांना गाडीत बसवलं. काचेतून त्या त्याला सांगताना ऐकू आलं, "पोरगी वाळलीय रं, पन लोणी झ्याक केलं हुतं." त्याच्या तोंडावर असं हसू आलं, की मला बघवेना.

संध्याकाळी साडी नेसून गोठ्यात गेले. म्हशीनं मान वळवली, पदर हुंगला, पान्हा सोडला. मी पदर तोंडात कोंबून रडत राहिले, तिला आवाज जाऊ न देता.