डाव्या कडेचा फोटो

शिरूरमध्ये फोटो स्टुडिओ बरेच आहेत. भिंगांच्या कडांपायी झोप उडालेला फोटोग्राफर एकच, सोपानराव. वाइड लेन्स मध्यभागी सगळ्याच चांगल्या, असं ते म्हणत. सोसायटीचा ग्रुप फोटो काढा, चेअरमन लख्खच येणार. लेन्सची लायकी कळते ती कडेला उभ्या शिपायावरून.

त्यांच्याकडे एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता आणि त्याच्या दोन वाइड लेन्स. या कॅमेऱ्यात भिंगातून दिसत नाही, शेजारच्या लहान खिडकीतून दिसतं. भिंगानं काय पाहिलं, ते फिल्म धुतल्यावर कळतं. म्हणून दर दिवाळीला मार्केट यार्डाच्या भिंतीपुढे दोन्ही लेन्सची परीक्षा. डाव्या कडेला न हलणारं माणूस लागे. ते घरचंच होतं. बायकोच्या, मालनबाईंच्या, हातात पेपर द्यायचा. ठळक टायपातला कांद्याचा भाव वाचता आला तर लेन्स पास.

"वर धर. आजून वर."

"आवं, तोंड झाकतंय माझं."

"तोंडाचं काय करायचंय? भाव दिसला पायजे."

"मग माझा येगळा कवा काढनार?"

"लेन्सचं ठरू दे आधी."

लेन्सचं ठरेना. मालनबाई यंदा तापाचं निमित्त होऊन गेल्या.

दहाव्याला घाटावर फोटो ठेवावा लागतो, चौकात फ्लेक्स लागतो. लेक सृष्टी कुरकुंभच्या कंपनीतून रजा टाकून आली होती. तिच्या मोबाईलमध्ये आई होती, पण पदराआड. 'तुझा बाप काढील की नीट,' म्हणायची. आधारकार्डावर चेहरा होता, पण तो पाहून रेशनवाल्यानंही त्यांना कधी ओळखलं नव्हतं.

सोपानरावांनी सगळ्या निगेटिव्ह उजेडाला लावल्या. पेपरची युक्ती सुचण्याआधीची एकच पट्टी निघाली. चेहरा उघडा, पण पहिल्या लेन्सचा, आणि अगदी कडेला: ओल्या रंगावरून बोट फिरवावं तसा. दुसऱ्या लेन्सच्या फोटोंत भाव स्वच्छ, पेपर धरणाऱ्या बोटांची पेरंही स्वच्छ. पेपराच्या वर थोडा पदर.

फ्लेक्सवाला ज्ञानू म्हणाला, "आप्पा, तो पुसट फोटो द्या. चेहरा आता कॉम्प्युटरच बनवतोय."

बनवला. गोरी, भरल्या गालांची, दात सरळ.

"ही कोण?" सृष्टीनं विचारलं.

"तुमची आईच की. जरा क्लिअर केली."

सोपानरावांनी डोळ्याला भिंग लावून प्रिंट कडेपासून कडेपर्यंत तपासली. खोट काढायला जागा नव्हती.

"परत ने," ते म्हणाले.

घाटावर पाटावर फ्रेम ठेवली, हार घातला. फ्रेममध्ये उघडा पेपर आणि दोन हात. आलेल्यांनी नमस्कार केला, मग वाकून कांद्याचा भाव वाचला. एक पाहुणा हळहळत म्हणाला, "आप्पा, फोटो मातूर पार कडंपतूर क्लिअर हाय."

"व्हय," सोपानराव म्हणाले.

लेन्सचं ठरलं होतं.