पिल्लावरची मादी

अमीरबीनं गच्चीवरून हाक मारली की खाली बोळातला रिक्षावालासुद्धा दचकून ब्रेक दाबतो. बिंदू चौकाच्या मागं तिचं घर. खाली शिलाईचं मशीन, वर कबुतरांची खुराडी. कोल्हापुरातल्या बँडवाल्यांचे लाल कोट ती शिवते आणि खांद्यावर सोनेरी झालर लावताना सुईपेक्षा तिची जीभ जोरात चालते. पण मे महिन्यातल्या त्या शनिवारी एक कोट एकाच बाहीनिशी मशीनवर लोंबकळत पडला होता, आणि अमीरबी गच्चीच्या ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत होती.

"नानी, बस की गं जरा," जोया म्हणाली. जोया ही तिची नात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. "पत्रा तापलाय, तू तापलीस. आता मीबी तापणार."

"बसू कशी? न्याहारीच्या वक्ताला यायची पाखरं. आता दुपारची अजान झाली!"

आदल्या संध्याकाळी क्लबचा पिराजी सगळ्यांची शर्यतीची कबुतरं टेंपोत घालून विजापूरला घेऊन गेला होता. उजाडताच तिथं टोपल्या उघडायच्या. पाखरं वर उठतात, आकाशात दोन घिरट्या घेतात, आणि सरळ आपापल्या घराची वाट धरतात. एवढ्या मोठ्या मुलखात त्यांना आपली गच्ची कशी सापडते हे अमीरबीनं कधी विचारलं नव्हतं. तिचा नवरा मुनव्वर म्हणायचा, "त्यांच्या डोक्यात घर असतं, आपल्या डोक्यात नुसता पत्ता." मुनव्वर गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता खुराडी मोडणार. अमीरबीनं ती रंगवून घेतली. क्लबात बाई अशी ती एकटीच.

आज तिनं एकच पाखरू पाठवलं होतं. सुपारी. बारकी, तांबूस, मुनव्वरच्या हातच्या शेवटच्या विणीतली मादी. आणि पाठवली होती पिल्लावरून.

ही कबुतरवाल्यांची जुनी युक्ती. घरट्यात पिल्लू असलं की मादी कुठं रेंगाळत नाही, पाण्यालासुद्धा उतरत नाही, जीव खाऊन घर गाठते. फक्त मागं पिल्लाला भरवायला नर पाहिजे. सुपारीच्या नराला चार दिवसांपूर्वी ससाण्यानं उचललं होतं. जोयानं तेव्हाच सांगितलं होतं, "नानी, आता नको पाठवू." अमीरबी म्हणाली होती, "दोन तासांचं तर काम हाय की! सकाळी सुटली, न्याहारीला घरात." तिला ह्या वेळी पहिला नंबर पाहिजे होता. शेजारच्या बाळासोच्या आधी.

मातीच्या परळात पिवळी लव घेतलेलं पिल्लू मान वर करून चिरचिरत होतं. चोच उघडायची, कुणी नाही, चोच मिटायची. अमीरबी तिकडं बघतच नव्हती.

तिनं पिराजीला पुन्हा फोन लावला. "किती आली रं?"

"भाभी, कुणाचीच न्हाय अजून. ढग हाईत म्हणून असंल. बाळासोंनी तेवढं ग्रुपवर टाकलंय, आली म्हणून."

"आली? आणि फोटो?"

शर्यतीला जाताना पाखराच्या पायात नंबराचं रबर घालतात. पाखरू आलं की ते काढायचं आणि फोटो टाकायचा, असा नियम.

"फोटो टाकतो म्हणाल्यात. सकाळपासनं टाकत्यात."

अमीरबीनं फोन खाली ठेवला आणि दोन घरं सोडून असलेल्या बाळासोच्या गच्चीकडं बघितलं. बाळासो दूधवाला. खाली म्हशी, वर कबुतरं, मध्ये मिशी. गच्चीवर पाठमोरा उभा होता. मुनव्वर गेल्यानंतर हाच माणूस येऊन म्हणाला होता, "भाभी, बाईमाणसाच्यानं हे व्हायचं न्हाय. सुपारी तेवढी मला द्या."

"जोया," ती हळू आवाजात म्हणाली. अमीरबी हळू बोलली की समजायचं, काहीतरी पेटलंय. "पाखरं थव्यानं येत्यात. त्याची आली, म्हंजी माझीबी आली. त्याच्यात बसलीया."

"नानी, हे बघ आधी." जोयानं फोन पुढं धरला. पडद्यावर लडाखचं रात्रीचं आकाश, आणि डोंगरामागं लालभडक उजेड. "काल सूर्यावरनं मोठं वादळ आलंय. पृथ्वीचं जे चुंबकत्व आहे ना, तेच सगळं हललंय. आमच्या सरांनी सकाळीच मेसेज टाकलाय. कबुतरांना ते चुंबकत्व कळतं असं म्हणतात. ऊन असलं तर ती सूर्यावरून दिशा काढतात. आज विजापूरच्या वाटेवर ढग आहेत, आणि आजच हे असं. वाट चुकली असेल."

"सूर्यानं माझी कबुतरी न्हेली?"

"न्हेली नाही गं. फिरवली असेल. नक्की कुणालाच माहीत नाही. चाळीसेक हजार वर्षांपूर्वी तर हे चुंबकत्व पारच कमी झालं होतं. तेव्हा म्हणे हवामान बदललं, माणसं गुहेत जाऊन राहिली. काहीजण तसं म्हणतात, काहीजण ते खोडून काढतात. पण..."

"तवाबी एखादी बाई गुहेच्या दारात उभारून वरच बघत असंल," अमीरबी म्हणाली आणि ओढणी कमरेला खोचली. "सूर्य लांब हाय जोया. बाळासो जवळ हाय."

कबुतरवाल्यांत एक रीत आहे. आपलं पाखरू दुसऱ्याच्या गच्चीवर बसलं, तर मालकानं स्वतः जिना चढून ते मागायचं. धरणाऱ्यानं चहा पाजायचा. आणि मग त्या चहाची गोष्ट वर्षभर चौकात सांगत सुटायचं. मुनव्वरनं जन्मात असा चहा प्यायला नव्हता. अमीरबी बाळासोच्या गोठ्यातून, म्हशींच्या शेपट्या चुकवत जिन्याकडं निघाली, तेव्हा बोळातल्या बायका दारात आल्या होत्या.

"बाळासो! काढा माझी सुपारी!"

"भाभी, कसली सुपारी?" बाळासो वळला. डोळे लाल.

"पान खायची न्हवं. पिल्लावरची मादी हाय ती, पोरगं उपाशी मरालंय तिकडं. चहा पाजायचा तर पाजा, चौकात बोंबलायचं तर बोंबला, पण माझं पाखरू द्या!"

"माझ्याकडं न्हाय."

"तुमची आली, माझी न्हाय? विजापूरच्या वाटंवर काय स्टँड लागतंय, माझीच उतराय? चोर हायसा तुम्ही! मुनव्वर असता तर..."

"भाभी, दार उघडू नका." तो मध्ये आला. आवाज भांडणाचा नव्हता. अमीरबीला ते ऐकू आलं, पण हात तोवर खुराड्याच्या कडीवर गेला होता.

तिनं दार ओढलं.

खुराडं रिकामं होतं. पाण्याचं भांडं भरलेलं, ज्वारी तशीच, आणि आत एकही पाखरू नाही. बाळासोनं सगळीच्या सगळी पाठवली होती. सरपंच नावाचा त्याचा प्रसिद्ध काळ्या पट्ट्यांचा नरसुद्धा.

खालून कुणीतरी ओरडलं, "सापडली काय, भाभी?"

अमीरबीनं दार लावलं. बाळासो मिशीवरून हात फिरवत कठड्याकडं बघत राहिला.

"सकाळी लिवलं, आली म्हणून," तो पुटपुटला. "मला वाटलं, येतीलच की आता. उगंच तुमच्या आधी लिवायचं म्हणून. मग येईनात, आणि खोटं काढून घ्यायला हात धजंना."

अमीरबीनं कठड्यावरून वाकून बोळाला सांगितलं, "न्हाय हिथं! मीच चुकले! जावा आपापल्या कामाला, भाकऱ्या करपत्याल!"

जिना उतरताना तिला वाटलं, सुपारी बाळासोकडं असती तर बरं झालं असतं. चोराकडं असलेली वस्तू निदान कुठं आहे ते तरी माहीत असतं.

संध्याकाळी बाळासो तिच्या गच्चीवर आला. हातात भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी. खाली बसला, हरभरे तोंडात घालून बारीक चावले, पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्याची चोच आपल्या ओठांत धरली. पिल्लानं आधी मिशी ओढली. मग भूक कळली आणि ते पंख फडफडवत घटाघटा भरवून घ्यायला लागलं.

जोयाला हसू आवरेना. "काका, व्हिडिओ काढू?"

"काढ की. ग्रुपवर टाक. तिथं माझी काय अब्रू राहिलीया?"

"अजून कुणाला ठावं न्हाय," अमीरबी म्हणाली.

जोयानं त्यालाही वादळाचं सांगितलं. पृथ्वीच एक मोठा लोहचुंबक आहे, कासवं, मधमाश्या, कबुतरं तिच्यावर वाट काढत असावीत, परदेशात काल उपग्रहावरून दिशा घेऊन चालणारे ट्रॅक्टरसुद्धा रानात थांबले. बाळासोनं हरभरा चावता चावता सगळं ऐकलं.

"लोहचुंबक तर माझ्या फ्रिजच्या दारालाबी हाय. त्यानं कवा म्हस चुकली न्हाय."

"म्हशीला तुमी दोरी लावताय," अमीरबी म्हणाली.

बाळासोनं पिल्लाची चोच पुसली. मग म्हणाला, "व्हय. खरं हाय."

पुढचे दिवस तसेच गेले. बाळासो सकाळ-संध्याकाळ हरभरे घेऊन यायचा. क्लबातल्या कुणाकुणाची दोन-चार पाखरं आली, थकलेली, उशिरा. अमीरबीनं मशीन जिन्यावरून वर चढवून घेतलं. झालर लावायची, वर बघायचं, झालर उसवायची. विजापूर पूर्वेला, म्हणून तिनं स्टूल पूर्वेला तोंड करून ठेवलं होतं. शिरोळकडून एखादा ठिपका दिसला की उभी राहायची. घार निघाली की शिवी हासडायची. रात्री पडून डोळे मिटले तरी पाखरू आतल्या आत घिरट्या घालायचं. एका बँडवाल्याचा कोट दोन डाव्या बाह्यांचा शिवून गेला. तो परत घेऊन आला तेव्हा ती त्यालाच म्हणाली, "वाजवणाऱ्याला काय करायचंय, डावं-उजवं!"

पिल्लाला पिसं फुटली तेव्हाची गोष्ट. सकाळ होती. अमीरबी सुईत दोरा ओवत होती, आणि मागच्या पत्र्यावर काहीतरी धप्पकन आदळलं.

ती वळली. काळे पट्टे, एक पंख लोंबता, शेपटीची दोन पिसं गायब. चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. सुपारी नव्हती. सरपंच होता.

अमीरबीनं हाक मारायला छाती भरून घेतली. सबंध बोळानं ऐकावं अशी हाक. आणि ती तशीच गिळली. बाळासोची पाखरं तर ग्रुपवर केव्हाचीच आली होती. सरपंच आज आला हे तिनं ओरडून सांगितलं की त्याचं खोटं उघडं पडणार. चोर म्हणून तिनं एकदा बोळ जमवला होताच.

तिनं सरपंचाला पाणी पाजलं. मग दुधाची रिकामी किटली घेतली, तळाशी लाल कापडाचा तुकडा घातला, पाखरू त्यात बसवलं, झाकण तिरकं ठेवलं आणि बोळातून निघाली.

"काय भाभी, दूध आणाय?"

"मग काय म्हस आणाय?"

बाळासोच्या गच्चीवर तिनं झाकण काढलं. बाळासो गुडघ्यावर बसला आणि त्यानं सरपंचाच्या पंखाखाली बोट घातलं, लेकराचा ताप बघावा तसं.

"कवा आला?"

"आत्ताच."

"कुणी बघितलं?"

"माझा आवाज ऐकलासा? न्हाय न्हवं? मग कुणी न्हाय बघितलं."

बाळासोनं पाखरू छातीशी धरलं. मग उठून कठड्याशी गेला आणि अमीरबीलाही लाजवेल असा ओरडला, "सरपंच आला रंऽऽ! आज आला! त्या दिशी मी खोटं लिवलंतं!"

बोळात एकच हशा पिकला. खाली म्हैस हंबरली. पिराजीचा फोन लगेच वाजायला लागला. बाळासोनं तो उचलला नाही.

"चहा टाकतो भाभी. रीत म्हटली तर तुमच्या गच्चीवर मीच यायला पायजे होतं मागायला."

"चहा ऱ्हाऊ दे. मला एक सांगा..." अमीरबी कठड्याला टेकली होती. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. "हा मागच्या पत्र्यावर पडला. मागनं आला. पन्हाळ्याच्या बाजूनं."

"पन्हाळा? विजापूर तर हिकडं."

"तेच म्हणते. घर ओलांडून पार पलीकडं गेलता, आणि तिकडनं परत फिरला. आणि मी इतकं दिवस एकीकडंच तोंड करून बसले."

बाळासोनं मान वळवून पन्हाळ्याकडं बघितलं.

अमीरबी घरी आली. पिल्लू परळाच्या काठावर उभं राहून पंख हलवून बघत होतं. तिनं स्टूल उचललं. पन्हाळ्याकडं ठेवलं, बसली, उठली. कळंब्याकडं वळवलं. पुन्हा उठली.

"जोया," ती म्हणाली, "तुझ्या सरांना इचार, कुठल्या बाजूला बघत बसू?"

जोयानं फोन हातात घेतला, दोन शब्द लिहिले आणि खोडले. मग तिनं खालून दुसरं स्टूल आणलं आणि नानीच्या पाठीला पाठ लावून बसली.