एनॉस टॅकेटचं मत

केंटकीत मत द्यायचं म्हणजे चारचौघांत तोंड उघडायचं. कोर्टाच्या पायऱ्यांवर शेरीफ तुमचं नाव पुकारणार, तुम्ही उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचं आणि खाली जमलेल्या गावाने ते ऐकायचं. त्या गर्दीत सोयरे असतात, गिऱ्हाइकं असतात आणि ज्याच्या जिवावर तुमची चूल पेटते तोही असतो.

एनॉस टॅकेट ओहायो नदीच्या काठी पिंपं बनवायचा. व्हिस्कीसाठी त्याची पिंपं घेणारा बडा माणूस एकच, कर्नल मॉपिन. कर्नल कसला डोंबलाचा! लढाई त्याने लांबूनसुद्धा पाहिली नव्हती. पण जमीन आणि गुलाम असले की आमच्याकडे पदवी आपोआप चिकटते.

एनॉसचा उजवा हात म्हणजे आयझम. तो मॉपिनचा गुलाम. एनॉस त्याला वर्षाच्या बोलीने भाड्यावर घ्यायचा, आणि दर एक जानेवारीला बोली नवी व्हायची. घाम आयझमचा, भाडं मॉपिनच्या खिशात. आयझमची बायको किझाया गावातल्याच एका विधवेच्या घरी गुलाम होती, स्वयंपाकाला. रात्रीपुरती तरी दोघं एका छपराखाली यायची. ती वर्षाची बोली मोडली की संसार मोडला.

एनॉसला गुलामगिरी मनातून पटत नव्हती. मग भाड्याने का घ्यायचा, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं काय कमी असतात?

अठराशे साठ साली नव्या मुलखांत गुलाम नेऊ द्यायचे की नाही, यावर सारा देश हमरीतुमरीवर आला होता. निवडणुकीच्या आदल्या दिवशी एनॉसच्या बायकोने, ड्रुसीने, त्याला जेवताना टोकलंच.

"रोज माझ्यासमोर लिंकन, लिंकन करता. उद्या एकदा गावासमोर करा की!"

"आणि मॉपिनने आयझमला काढून घेतलं तर?"

"ते आयझमचं नाव पुढे करू नका. तुम्हाला पिंपांचं गिऱ्हाईक जाईल याची भीती आहे."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एनॉस उठून दुकानात गेला. आयझम पिंपावर लोखंडी कडी ठोकत होता.

"तूच सांग बाबा, काय करू?"

"घ्या! ज्याला मतच नाही त्याला विचारताय, मालक?" आयझम हसला, मग हातोडी खाली ठेवून म्हणाला, "किझाया इथे आहे. मला बाकी राजकारण कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मॉपिन कोर्टासमोर फुकट व्हिस्की वाटत उभा होता. शाळामास्तरांनी लिंकनचं नाव घेतलं आणि त्यांच्या कोटावर अंडं फुटलं. मग एनॉसचं नाव पुकारलं गेलं. तो पायऱ्या चढला, घसा खाकरला आणि मॉपिनच्या उमेदवाराचं नाव घेतलं. "ब्रेकिन्रिज." खाली टाळ्या पडल्या. ड्रुसी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

लिंकन निवडून आला. डिसेंबरात साउथ कॅरोलायनाने देशाशी फारकत घेतली. एक जानेवारीला एनॉस बोलीसाठी मॉपिनकडे गेला, तर मॉपिनने त्याला बसायला खुर्ची दिली. एरवी तो उभ्या उभ्याच बोलणी उरकायचा.

"टॅकेट, तू आपला माणूस. पण नदीपलीकडे गुलामांना मोकळीक, आणि आता वर बसणार लिंकन. उद्या हा पोहून पार झाला, तर मी काय करू? लांब दक्षिणेतल्या नॅचेझच्या व्यापाऱ्याला विकला मी त्याला."

"कर्नल, मी तुमच्या माणसाला मत दिलं!"

"दिलंस ना. चांगलं खणखणीत दिलंस. आभारी आहे."

आयझमला सकाळीच बेड्या घालून बोटीवर चढवलं होतं. किझाया धक्क्यावर पोचली तेव्हा नदीवर नुसता धूर होता.

एप्रिलात सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली. केंटकी आधी म्हणाली, आम्ही ना इकडचे ना तिकडचे. पण असं म्हणून कुणाची सुटका झाली आहे? नदीने खाली दक्षिणेला जाणाऱ्या बोटी बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर नॅचेझची खबरही.

उन्हाळ्यात एक दिवस किझाया दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. एनॉसला वाटलं, ही शिव्या देणार. दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

"त्याच्यासाठीच मी तसं मत दिलं गं," तोच आधी बोलून गेला.

"ठाऊक आहे. त्याने सांगितलं होतं मला. दुसरं नाव घेतलं असतंत, तर त्याला ठेवला असता का हो?"

"नाही. तरी नेलाच असता."

किझायाने एप्रनच्या टोकाने तोंड पुसलं.

"मग खरंच बोलायचं होतं ना, मालक. त्याने जायच्या आधी तेवढं तरी ऐकलं असतं."