सासऱ्यांचा फिकट ठिपका

मंगरूळपीरच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली, माझे टेबल आहे. दहावीच्या उंबरठ्यावरून मी परतलो, ही गोष्ट मी कधी लपवली नाही. परंतु तालुक्यातील अनेक पदवीधर आपले गाऱ्हाणे माझ्या अक्षरांत मांडून घेतात, हीही गोष्ट लपवण्यासारखी नाही. वारसाची नोंद, रस्त्याची दुरवस्था, बेपत्ता इसमाचा शोध, अशा विषयांवर माझा हात बसलेला आहे. तेव्हा माझ्या साळ्याने आपल्या मोबाइल ॲपमधला मराठी मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला, यात मला नवल वाटले नाही.

साळा पूर्वी पुण्याच्या एका कंपनीत संगणकाचे काम करीत असे. आता तेच काम तो आमच्या माडीवर बसून करतो. उरलेला वेळ तो हौशी रेडिओला देतो. त्यासाठीची परीक्षा देऊन त्याने सरकारी परवाना मिळवलेला आहे. त्याचा हातात मावणारा रेडिओ उपग्रहावरून आपली जागा समजून घेतो आणि थोड्याथोड्या वेळाने ती हवेत सोडतो. आमच्या गच्चीवरची ॲन्टेना ती ऐकते, आणि ॲप नकाशावर तिचा ठिपका उमटवते. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथेही माणूस नजरेआड होत नाही.

माणूस नजरेआड होणे म्हणजे काय, हे साळ्याला आणि त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या पत्नीला, ठाऊक होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, अनसिंगच्या बाजूला राहत. एका दुपारी ते घरातून निघाले. निघताना ‘येतो’ म्हणायच्या ऐवजी ‘जातो’ म्हणाले, म्हणून सासूबाईंनी त्यांना टोकलेही. रस्त्याच्या वळणावर शेळ्या राखणाऱ्या एका बाईने त्यांना शेवटचे पाहिले. रस्ता वळला, पण ते वळले नाहीत. बांधावर उतरून आग्नेयेच्या दिशेने सरळ चालत राहिले. पुढे त्यांना कुणी पाहिले नाही.

सात वर्षे ज्याची खबरबात नाही, तो इसम मयत धरावा अशी मागणी कायद्याने करता येते. असे अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायला लोक दूरच्या धनज गावापासून येतात. सात वर्षे उलटून बराच काळ झाला तरी माझ्याच घरातला तो एक अर्ज मात्र मला लिहिता आला नाही. सासूबाई कपाळावर कुंकू ठेवूनच गेल्या. पत्नीने मला एकदाच, पण स्पष्ट सांगितले होते, “तुमची लेखणी माह्या बाबावर चालवू नका.”

साळ्याच्या ॲपमध्ये एक गोष्ट अशी होती की मी तिला हरकत घेतली होती. रेडिओचा आवाज तुटला की ठिपका थांबत नसे. तो थोडा फिकट होई आणि त्याच दिशेने, त्याच वेगाने पुढे सरकत राही. पुन्हा आवाज आला की खऱ्या जागी येई. मी म्हणालो की पुरावा नसताना एखाद्या इसमास चालता दाखवणे कायद्यास धरून नाही. खोऱ्यात आवाज तुटतोच, त्याने घरच्यांच्या काळजाचा ठोका चुकू नये, असे त्याचे म्हणणे पडले. मग खाली पाहत तो हळूच म्हणाला, “थांबलेला ठिपका मले पाहवत नाही, भाऊजी.”

गेल्या दिवाळीनंतर चाचणीसाठी म्हणून आम्ही दोघे त्याच्या मोटारसायकलवर अनसिंगकडे निघालो. रेडिओ माझ्या पिशवीत होता आणि ॲप उघडलेला माझा मोबाइल घरी पत्नीच्या हातात होता. माझ्या ठिपक्यावर ‘अर्जनवीस’ अशी पाटी मी आग्रहाने लावून घेतली होती. त्या वळणाच्या अलीकडे एक खड्डा आहे. त्याविषयी मी दोन निवेदने दिलेली आहेत. त्याच खड्ड्यात चाक आदळले आणि पंक्चर झाले. गाडी ढकलीत आम्ही पंक्चरचे दुकान गाठले. दुकानदार जेवायला गेलेला होता, रेंज नव्हती, आणि घरी परतेतो दिवेलागण झाली.

पत्नी उंबऱ्यात बसली होती. मला पाहून ती उठली नाही. तिने प्रथम माझ्या पावलांकडे पाहिले. ती सुलटी आहेत याची खातरी होईपर्यंत पाहत राहिली, आणि मगच मान वर केली. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. नकाशावर मी अजून चाललो होतो. पैनगंगा मी पुलावाचून ओलांडली होती. तेलंगणाच्या हद्दीत शिरून, वाटेत कुठलेही गाव न मानता, मी मोटारसायकलच्या वेगाने सरळ पुढे जात होतो. माझ्याच दारात उभा राहून मी ते पाहिले, आणि पायांखालची फरशी मला थोडी परकी वाटली.

“तुमी वळलेच नाही,” ती म्हणाली. “बाबा जिथं वळले नवते, तिथंच.”

खड्ड्याच्या दणक्याने रेडिओची वायर सैल झाली होती. साळ्याने ती जागच्या जागी दाबली. तेलंगणातला ठिपका नाहीसा झाला आणि निमिषात आमच्या छपरावर येऊन बसला. पत्नीने माझी बाही दोन बोटांत धरून चाचपली. आता ती रडेल असे मला वाटले. ती भावाकडे वळली.

“यायची वायर जोडली, हे घरी आले. बाबाची कोन जोडीन?”

साळ्याने स्वतःचा मोबाइल काढला, नकाशा कितीतरी दूर सरकवला आणि तो तिच्या हातात दिला. युरोपच्याही पलीकडे, निळ्या समुद्राच्या मधोमध, एक फिकट ठिपका होता. त्यावर पाटी नव्हती.

“ॲप केलं तवा त्यात कोनीच नवतं, बाई. पैला ठिपका त्यायचाच टाकला. बांधाची जागा, शेळीवालीनं सांगतलेली दिशा, अन् म्हाताऱ्या मानसाची चाल.”

“समुद्रात काय करून राह्यले ते?”

“वापस येऊन राह्यले. सरळ चालत गेलं तर मानूस पृथ्वीले चक्कर मारून तिथंच येते. वर्षावर दोन-तीन महिने लागते त्यायले. याच्याआंधी दोनदा येऊन गेले.”

तिने मोबाइल मांडीवर ठेवला. “येऊन गेले? अन् तू थांबवलं नाही?”

“आपल्या हातानं कसं थांबवावं, बाई?”

पत्नी त्या निळ्या रंगाकडे पाहत शांतपणे म्हणाली, “या खेपी बसवू त्यायले. लय झालं चालनं.”

त्यानंतरचे दिवस मला अजून नीट मांडता येत नाहीत. सकाळी अंगणात सडा टाकून झाला की ती भावाकडून मोबाइल मागून घेई. ठिपका जमिनीला लागला, तुर्कस्तानात आला, इराणच्या डोंगरांत शिरला. भाकरी थापता थापता ती मला म्हणे, की आज बाबा डोंगरात आहेत आणि तिकडे थंडी असेल. तो केवळ हिशोब आहे, त्यास थंडी वाजत नाही, हे मी तिला समजावून सांगत असे. परंतु टेबलावर पक्षकाराचे म्हणणे ऐकताना माझे लक्ष उडू लागले. एकदा तर मी घरात पाऊल टाकताच, चप्पल काढण्याआधी, सासरे कुठवर आले असे विचारले.

राजस्थान मागे पडले. तापी ओलांडली गेली. माघातल्या एका दिवशी ऊन कलताना आम्ही तिघे त्या वळणावर भाड्याच्या गाडीतून उतरलो आणि बांधावर जाऊन बसलो. तूर निघून गेली होती, पलीकडे हरभरा उभा होता. सायकलवरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने कुणाची वाट पाहता म्हणून विचारले. पाहुणे यायचे आहेत, असे पत्नीने सांगितले. त्याने आम्ही पाहत होतो त्या वायव्येकडच्या मोकळ्या रानाकडे पाहिले, तिकडे रस्ता नव्हता, आणि तो निघून गेला.

“बाबाचा अर्ज उद्या लिवजा,” पत्नी मला म्हणाली. “आज येऊ द्या त्यायले.”

मी मान डोलावली. इतकी वर्षे मनात घोळवलेली त्या अर्जाची वाक्ये मला त्या क्षणी आठवेनात.

जवळपास कुणी आले की ॲपमध्ये घंटी वाजते आणि माझ्या शब्दांतली सूचना उमटते. साळ्याच्या हातात घंटी वाजली. पडद्यावर ‘इसम समीप आहे’ असे आले. त्याच सुमारास रानाच्या त्या टोकाला एक टिटवी ओरडत उठली. टिटवी कशानेही उठते, साप असो की कुत्रे, हे मी जाणतो. थोड्या वेळाने दुसरी उठली, पहिलीपेक्षा अलीकडे. वारा पडलेला होता. हरभऱ्याचे पानही हलत नव्हते. घंटी पुन्हा वाजली. साळ्याचा अंगठा पडद्यावरच्या ‘प्रवास समाप्त’ या बटणावर टेकायला आला, तसा पत्नीने त्याचा हात धरला.

“थांब. इथवर येऊ दे.”

आम्ही तिघे बांधाकडे पाहत राहिलो. मोबाइलकडे कुणी पाहत नव्हते. मग तिने पदर सावरला आणि माझ्या बाजूला थोडी सरकून बसली. तिच्या आणि तिच्या भावाच्या मधोमध एका माणसापुरती जागा झाली.

ती म्हणाली, “दाब आता.”